भुवईचा दोरा

अहेरीच्या बसमध्ये गडचिरोलीपासून एक तरुण मुलगी माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर कातडीच्या रंगाचा रबरी तुकडा ठेवून त्यावर पेन्सिलीने भुवया काढत होती. बस उसळली की थांबायची, फुंकर मारायची आणि पुन्हा सुरू करायची.

चेहऱ्यावर कायमच्या भुवया कोरायचं काम ती शिकत होती. तीन दिवसांत सर्टिफिकेट देणारा क्लास सोडून तिने खऱ्या चेहऱ्यावर शिकवणारा निवडला होता. भुवया कोरायची सुईची मशीनही चार दुकानं हिंडून, हातात धरून पाहून घेतली होती.

"मशीन तं भेटली, बाई," ती म्हणाली. "पण ज्याच्यावर शिकाचं तो चेहरा तुम्हीच आना म्हणते क्लासवाले. गावात सुई पाहूनच साऱ्या पळतेत. भरोशानं चेहरा देणारं कुठी भेटते?"

सुईची मलाही भीतीच. "माझ्या भुवयांचं नुसतं माप घे," मी म्हटलं.

चामोर्शीला बस थांबली. तिने दोन बोटांनी माझी हनुवटी उचलली आणि मापाचा, काजळ माखलेला दोरा कपाळावर ताणला. "हलू नका, बाई."

नवरा गेल्यापासून माझ्या चेहऱ्याला कोणाचा हात लागला नव्हता.

मला चामोर्शीलाच उतरायचं होतं. बस सुटली, तरी मी हलले नाही.