टाकीतला कापूस

अकोल्याजवळच्या आमच्या कोंबडीच्या पिल्लांच्या हॅचरीत जनरेटर बघायला एक मिस्त्री येतो. डिझेलच्या टाकीचा तो आधी वास घेतो, मग तळाचं थोडं डिझेल काचेच्या ग्लासात काढून उजेडाला धरतो. तेवढ्यात कोणी बोललेलं त्याला खपत नाही. "थांबा ना ताई, डिझेल काय पळून राह्यलं?"

त्या दुपारी वीज गेली आणि जनरेटर धापा टाकत बंद पडला. उबवणीच्या पेट्यांतले पंखे थांबले. वारा नसला की अंड्यांतली वाढती पिल्लं स्वतःच्याच उबेनं तापून मरणार, हे सगळ्यांनाच कळत होतं. मिस्त्रीनं येऊन फिल्टर उघडला. त्यात पांढरे धागे गुंतले होते.

"पंपावरचंच डिझेल खराब असेल," मी म्हटलं. तो नुसता हो म्हणाला असता, तरी भागलं असतं.

"नाई ताई. मागच्या सफाईत म्याच टाकी कापसानं पुसली. घरचा कापूस, मऊ असते म्हणून."

मी ओरडणार होते, पण तो धागे उपसून फिल्टर धुवायलाही लागला होता. त्या घाईतही फिल्टर उघडताना पाइपात शिरलेली हवा पूर्ण काढल्याशिवाय त्यानं चावी फिरवली नाही. जनरेटर लागला, पंखे फिरले. तो दारातच उभा राहिला.

"पिल्लं निघतीन त्या दिवशी मले बोलवा," तो म्हणाला. "माह्यापायी मेलेले मले पाह्याचे आहे."