भिंतीकडे तोंड

आमच्या अंगणवाडीच्या कुशाबाई महिन्यातून एकदा भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. त्या दिवशी पोरांची वजनं असायची. आढ्याला काटा टांगलेला, त्याला कापडी झोळी. मी त्यांची मदतनीस. चुलीपाशी बसून हा तमाशा बघायची.

कुशाबाईंना मूल नव्हतं. नवऱ्याने दुसरी केली, तशा त्या महाळुंगे पडवळला माहेरी परतल्या आणि सत्त्याण्णव साली नोकरी लागून आमच्या डोंगराकडच्या वस्तीवर आल्या. पहिल्याच महिन्यात बायांनी पोरं झोळीतून उचलून नेली. उघड्या पोराचं वजन वांझेच्या नजरेखालून गेलं की पोर सुकतं, म्हणे. मला असा राग आला! हीच पोरं त्यांच्या हातची सुकडी चाटूनपुसून खात होती, तेव्हा नजर कुठे गेली होती? कुशाबाई मात्र म्हणाल्या, "मी बघत न्हाई. तुमी काटा वाचा, मी नुस्तं लिवते."

तेव्हापासून ज्याचं पोर त्यानं काटा वाचायचा, असं ठरलं.

साळुबाईंची नात आरती तीन वर्षांची, वजन साडेआठ किलो. पोरीला आई नव्हती. कुशाबाईंनी तिचा ध्यासच घेतला. खिचडीत शेवग्याचा पाला, सुकडी दुप्पट, वर स्वतःच्या कोंबडीचं अंडं. घरी नेलं तर चौघांत वाटलं जाईल म्हणून समोर बसवून भरवायच्या. स्वतः संध्याकाळी खोलीवर एकट्याच भाकरी-चटणी खायच्या. अंडं त्यांच्या ताटात मी कधी पाहिलं नाही.

साळुबाई ओतूरच्या बाजारात कांदे-लसूण विकायच्या, काटा वाचण्यात पटाईत. दर महिन्याला त्या सांगायच्या, "पावणेनऊ." वर्ष सरलं तरी पावणेनऊच. आम्ही पोरीला रोज पाहायचो, आणि रोज पाहणाऱ्याला वाढ कुठे दिसते? एकदा पातेलं घासता घासता कुशाबाई थांबल्या. "माजी नजर खरंच वाईट आसंल का गं?" मी नुसतं त्यांच्या हातातलं पातेलं घेतलं आणि घासायला लागले. आजही त्याचं वाईट वाटतं.

मग एका वजनाच्या दिवशी सुपरवायझर मॅडम आल्या. कुशाबाई सवयीने भिंतीकडे वळलेल्या. मॅडमनी आरतीला झोळीत बसवलं, काटा पाहिला आणि रजिस्टर पाहून कडाडल्या, "सव्वाअकरा किलोची पोर, आणि तुम्ही पावणेनऊ लिहिता? खोटी वजनं लावता?"

साळुबाई पुढे झाल्या. "त्यांला बोलू नका. मीच कमी सांगत व्हते. पोर भरतंय म्हनून कुनी बोलून दावतं व्हय? दिष्ट लागती."

कुशाबाई भिंतीशीच हसायला लागल्या. त्यांना इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. "सव्वाअकरा! म्हंजी माजी नजर न्हाई लागली, साळूताई. आता एकदा बघू द्या की."

त्या अर्ध्या वळल्या, तोच साळुबाईंनी पोरीला झोळीतून ओढून पदराखाली घेतलं. "आता तर नगंच, बाई. आत्ता कुठं भरलीया."

कुशाबाईंचं हसू तिथंच विरलं. त्या पुन्हा भिंतीकडे वळल्या आणि रजिस्टरात आरतीच्या नावापुढे सव्वाअकरा लिहिलं.