ओव्हनमधली व्हीलकॅप

संभाजी ओव्हाळांना बायकोनं घराबाहेर काढलंय आणि ते पार्किंगमधल्या फियाटमध्ये राहतात, ही बातमी धायरीच्या त्या तीन मजली सोसायटीत दुधाच्या पिशव्यांबरोबर घरोघर पोचली. सेक्रेटरी आप्पासाहेबांनी टाकीखाली उभं राहून निकालही देऊन टाकला, "राहू द्या की. फक्त मेन्टेनन्स दोन फ्लॅटचा भरा म्हणावं."

बातमी खोटी होती. आम्रपालीकाकूंनी नवऱ्याला काढलं नव्हतं. उलट जेवण झालं की, "अहो, पंख्याखाली पडा ना, खाली भट्टी झालीय नुसती," म्हणत त्या जिन्यापर्यंत मागे यायच्या. संभाजीरावच ऐकायचे नाहीत. मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन दुपारभर पडून राहायचे. वर घरात, माळ्यावर, काकूंचा गोल ओव्हन होता आणि त्याच्याखाली डोळे मिटायची त्यांची हिंमत होत नव्हती.

तर त्या ओव्हनची गोष्ट.

बाजारात परदेशी गाड्या आल्या, संभाजीरावांच्या कंपनीत नवी यंत्रं आली आणि त्यांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचा कागद आला. त्यातली स्वेच्छा साहेबाची होती, निवृत्ती तेवढी यांची. त्यांचे वडील कोंडीराम खडकीला एका अधिकाऱ्याची फियाट चालवायचे. ओव्हाळांच्या घरात गाडी म्हणजे फियाट, बाकी सगळी वाहनं. कंपनीचे पैसे आले तशी संभाजीरावांनी चौसष्ट सालची एक फियाट टोचन लावून आणली. आप्पासाहेबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "आणलीत, की कुणी सोडून गेलं?"

घर मात्र चालायचं ते काकूंच्या केकवर. हिंजवडीला कंपन्या उघडल्या होत्या आणि तिथं रोज कुणीतरी जन्माला आलेलं असायचं. तिसऱ्या मजल्यावरची चैताली तिथं सॉफ्टवेअरमध्ये. तिच्यामार्फत ऑर्डरी यायच्या. काकूंचं नाक असं, की झाकण न उघडता त्या सांगायच्या, "अजून थोडा कच्चा आहे मधे." त्या नाकावर त्यांचा जेवढा विश्वास, तेवढा घड्याळावर नव्हता.

संभाजीरावांनी गाडीचे एकेक भाग काढून बाल्कनीत कारखाना मांडला. पत्र्याच्या खड्ड्यांत लांबी भरायची, पॉलिश पेपरनं घासायचं, प्रायमर मारायचा, पुन्हा घासायचं. सगळं जमलं, पण चाकांवरच्या गोल व्हीलकॅप जमेनात. क्रोम उडालेल्या चार व्हीलकॅपना रंग दिला की वाळायच्या आत त्यावर धायरीची धूळ येऊन बसायची, जणू तिलाच आमंत्रण होतं. कंपनीत रंगवलेला माल भट्टीतून निघायचा तो आरशासारखा. घरात भट्टी कुठली आणायची?

एका रविवारी काकू विहारात वंदनेला गेल्या आणि संभाजीरावांची नजर ओव्हनकडे गेली. व्हीलकॅप आत ठेवून पाहिली. माप घेऊन केल्यासारखी बसली.

वास मात्र असा सुटला की त्यांनी सगळ्या खिडक्या उघडल्या आणि अर्धा पुडा अगरबत्ती लावली. काकू परतल्या, घरभर अगरबत्तीचा दरवळ येताच हरखल्या. "आज तुम्ही एकटेच बसला होतात वंदनेला?" संभाजीराव म्हणाले, "हं." पुढचे तीन रविवार एकेक व्हीलकॅप भाजली गेली आणि काकूंना वाटत राहिलं, उशिरा का होईना, नवरा धम्माकडे वळला.

मग एका संध्याकाळी चैताली आली. "काकू, अ‍ॅक्च्युअली केक मस्त होता हां, सॉफ्ट वगैरे... बट म्हणजे... समथिंग लाइक ऑइलपेंट? टीममधले म्हणाले. मी नाही."

काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी इसेन्सची बाटली फेकली. लोणी बदललं. भांडी चिंचेनं घासली. पुन्हा केक केला, वास घेतला. मग नवऱ्यापुढे तुकडा धरून म्हणाल्या, "खरं सांगा. येतो का?"

"मला सर्दी झालीय," संभाजीराव म्हणाले.

"मलाच येतो की काय? मला तर सगळ्यालाच येतोय आता. भातालासुद्धा." त्यांनी तुकडा ताटलीत परत ठेवला. "नाक गेलं माझं. वयच झालं." त्यांनी चैतालीच्या दारात जाऊन माफी मागितली, आप्पासाहेबांच्या नातवाच्या वाढदिवसाची ऑर्डर परत केली आणि ओव्हन माळ्यावर टाकायला काढला. "स्टूल धरा जरा," म्हणाल्या. संभाजीरावांनी धरलं.

तेव्हापासून ते दुपारचे गाडीत झोपायला लागले. संध्याकाळी बुद्धमूर्तीपुढे दोघं पंचशील म्हणायची. तीन शिलांपर्यंत संभाजीरावांचा आवाज खणखणीत. खोटं न बोलण्याचं चौथं आलं की त्यांना ठसका लागायचा. रोज. काकू पाणी आणून द्यायच्या आणि त्या पाण्याचाही त्यांना ठसका लागायचा.

दुसऱ्या मजल्यावरची उत्कर्षा, म्हणजे हे लिहिणारी, एकदा कॉलेजातून येताना फियाटपाशी रेंगाळली. व्हीलकॅपवर नख फिरवत म्हणाली, "काका, रंगात खडा राहिलाय."

"राहू दे."

"लाल खडा?" तिनं वाकून पाहिलं. "काका, ही टुटीफ्रुटी आहे!"

संभाजीराव मागच्या सीटवर उठून बसले. इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडून सगळं भडाभडा बाहेर पडलं, अगरबत्तीसकट. उत्कर्षा पोट धरून हसली. ते हसले नाहीत. म्हणाले, "ती भाताचा वास घेऊन बघते गं. रोज. आज सांगतो तिला."

"तुम्ही? काका, तुम्ही सर्दी काढाल पुन्हा. लावा पैज."

"लावली."

"सांगितलंत, तर ही गाडी मी एकटी रस्त्यापर्यंत ढकलीन!"

त्या संध्याकाळी चौथ्या शिलाला ठसका लागला नाही. संभाजीराव नुसते थांबले.

"पुढं म्हणा," काकू म्हणाल्या.

"म्हणता येत नाही. केकला वास येत होता, आम्रपाली. तुझ्या नाकाला काही झालेलं नाही. मी ओव्हनमध्ये व्हीलकॅप भाजल्या."

काकू वळल्या. "किती?"

"चारही."

"म्हणजे माझं नाक..."

"शाबूत आहे."

काकू हसल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. मग हसू एकदम थांबलं. "मी त्या पोरीची माफी मागितली. आणि तुम्ही स्टूल धरलंत?"

"धरलं."

"उद्या तिच्याकडे जायचं. आप्पासाहेबांकडेही. एकट्यानं. मी येणार नाही."

चैताली किंचाळली, "ओ माय गॉड काका, म्हणजे आमच्या टीमनं व्हीलकॅप खाल्ली?" आप्पासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग आता गाडीला केकचा वास येत असणार. मांजरं आवरा."

काकू मात्र पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलल्या. भात वाढताना ताट जरा जोरात ठेवायच्या. संभाजीराव मुकाट जेवायचे आणि दुपारी आता घरातच, पंख्याखाली, टक्क डोळे उघडे ठेवून पडायचे.

रविवारी नवा ओव्हन आणायला दोघं फियाटनं निघाली. काकू मुद्दाम मागे बसल्या. गाडी अर्थातच सुरू होईना. संभाजीरावांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "उत्कर्षाबाई, हरलात ना? लावा जोर."

उत्कर्षानं बाह्या सरसावल्या आणि डिकीला खांदा दिला. ओढणी अडकली, चप्पल निसटली, गॅलरीतून आप्पासाहेबांनी "शाब्बास, कॉलेजचा काहीतरी उपयोग झाला" म्हणून घेतलं आणि फियाट फाटकाबाहेर पडून रस्त्याच्या दिशेनं गडगडू लागली.

"हळू गं, पडशील," मागच्या काचेतून काकू ओरडल्या.

"नाही पडत," संभाजीराव म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं."