पडद्यावरची माय

माझ्या मायने डॉक्टरपुढे खर्रा धरला आणि सगळी खोली हसली.

देशातल्या एका मोठ्या कर्करोग संशोधन रुग्णालयातली ती खोली. मोठे डॉक्टर, त्यांच्याभोवती शिकणारी पोरंपोरी आणि मध्ये स्टुलावर माझी माय. गालाच्या आत जखम. तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं. खर्रा म्हणजे आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचं सुपारी, तंबाखू, चुन्याचं मिश्रण, प्लास्टिकच्या पन्नीवर घोटलेलं. मायचा तो कधीच सुटला होता. झोंबायचा. हा खर्रा तिने डॉक्टरसाठी आणला होता. निघताना गोंडपिपरीच्या पानठेल्यावर मुद्दाम घोटून घेतला. आमच्याकडे घरी माणूस आलं की पाण्याआधी खर्रा पुढे होतो. ज्याच्या हाती जीव द्यायचा त्याच्याकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, एवढंच तिच्या मनात.

"घ्या डाक्टर भाऊ," ती म्हणाली. "ताजाच आहे."

डॉक्टरांनी खिशातून मोबाइल काढला.

"मावशी, हात तसाच ठेव. आता तोंड उघड. अजून उघड. खर्रा कोंबताना उघडत होतं ना बरोबर?"

त्यांनी लाकडी पट्टीने जबडा दाबला. मायच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. हात मात्र पुढेच. फोटो निघाला. मग खर्रा कचऱ्याच्या डब्यात गेला आणि डॉक्टरांनी हात धुतले. मी बी. ए. झालेली पोरगी, हातात फाइल धरून, तोंडात मिठाची गुळणी धरून उभी.

बाहेर व्हरांड्यात रुग्णालयाचा इतिहास भिंतीवर टांगलेला. पहिली इमारत. किरणोपचाराचं पहिलं यंत्र. फीत कापणारे पाहुणे. संशोधनाची बक्षिसं. प्रत्येक कोटवाल्याच्या फोटोखाली त्याचं नाव. रोग्यांच्या फोटोखाली रोगाचं नाव. खोटं कशाला बोलू, तिथे माणसं बरी होतात. आमच्या तालुक्यातली कितीतरी माणसं तिथून जिवंत परत आली. म्हणूनच लोक पोटाला चिमटा काढून तिकडे जातात, आणि म्हणूनच तिथे कोणी काही बोललं तरी वर मान करत नाहीत.

ऑपरेशन झालं. अर्धा जबडा गेला. माय गावी परतली ती पदराने गाल झाकूनच. पेज प्यायची, धान निंदायला जायची. पुढच्या वर्षी तिच्या मानेखाली सुपारीएवढी गाठ आली. मी घाबरले. तेवढ्यात आमच्या आशाताईने सांगितलं, तेच मोठे डॉक्टर गडचिरोलीला शिबिराला येणार आहेत, जुन्या पेशंटला तपासणार आहेत. मी मायला एसटीत बसवलं.

आधी भाषणं, मग तपासणी. सभागृह भरलेलं. साहेब लोक पुढे, कॉलेजची पोरं मागे, आम्ही मध्ये. डॉक्टरांनी पडद्यावर चित्रं लावली. सडलेले गाल, फाटलेले ओठ. आणि मग माझी माय. भिंतीएवढी. तोंड फाकलेलं, डोळ्यांत पाणी, हातात खर्रा.

"ही बाई कॅन्सरच्या डॉक्टरलाच खर्रा देते आहे!" डॉक्टर माइकवर म्हणाले. "जंगलातले लोक. आमची लढाई या अडाणीपणाशी आहे."

सभागृह खदखदून हसलं. माय माझ्या कानाशी आली.

"हे त मीच आहो ना वं?"

तिने मागे वळून पाहिलं.

"लोक काऊन हासून राह्यले?"

तिला खरंच कळलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठले. पुढे गेले आणि पडद्याला पाठ करून उभी राहिले. मायचं तोंड माझ्या अंगावर पडलं.

"फोटो काढून टाका तिथून," मी म्हणाले. "ते माझी माय आहे. तिथी बसली आहे. पाहुण्याले खर्रा द्याची आमची रीत आहे. तुमाले मान देल्ला तिनं. कोनाले इचारून लावला फोटो?"

"खाली बसा. तुमच्याच लोकांच्या भल्यासाठी आहे हे. तिचा जीव आम्ही वाचवला आहे."

"जीव वाचवला म्हनून तिचं तोंड तुमच्या मालकीचं झालं काय?"

कोणी हसलं नाही. एका साहेबाने हवालदाराला खूण केली. मला दंडाला धरून मागे नेलं. डॉक्टरांनी पुढचं चित्र लावलं.

तपासणीच्या रांगेत मायचा नंबर आला तेव्हा मदतनीस म्हणाला, "तुम्ही शेवटी." शेवट आला तेव्हा डॉक्टर गाडीत बसत होते. मी धावले. काच खाली झाली.

"ज्यांच्यावर तुमचा विश्वास आहे त्यांना दाखवा," ते म्हणाले. काच वर गेली.

गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्याचीच गरज सरली होती. फोटो त्याच्याकडे होता. माणूस घेऊन काय करायचं?

त्यानंतर माय कोणत्याच डॉक्टरपुढे बसली नाही. मी हातापाया पडले. "मी नाई येत," एवढंच म्हणायची. गाठ फुटली. वास यायला लागला. शेवटी पाणीसुद्धा गालातून बाहेर यायचं.

मयतीला आलेला मामा सगळ्यांसमोर म्हणाला, "तू चूप राह्यली असती त तपासलं असतं त्यानं."

हे वाक्य मी पुष्कळ दिवस उराशी घेऊन झोपले. आता नाही. मी बोलले म्हणून माय मेली नाही. डॉक्टरने मानेला हात लावला नाही म्हणून मेली. जिवाच्या बदल्यात गप्प बसायचं, हा सौदा कोणी ठरवला? आम्ही नाही ठरवला.

खर्रा वाईटच आहे. त्याने माझी माय पोखरली. मी गावोगाव बायांना तो सोडायला सांगते आणि ज्यांच्या तोंडात पांढरा चट्टा दिसतो त्यांना घेऊन शिबिराला जाते. त्याच शिबिरांना. त्याच डॉक्टरांपुढे. ते रुग्णालय आमच्याही पैशाने उभं आहे, आमची तोंडं तपासूनच त्याचं संशोधन वाढलं आहे. ते मी सोडणार नाही. बाईला न विचारता कोणी मोबाइल काढला की मी मध्ये उभी राहते. आणि रांग संपली, वेळ संपली म्हणाले की दारातच बसते.

"ही बाई दर वेळी तमाशा करते," परवा डॉक्टर म्हणाले.

करते. एका मायला न तपासता परत पाठवलंत. आता दुसरी पाठवून दाखवा.