साडूंनी बुजवलेला खड्डा

परमेश्वराने पृथ्वी घडवताना लेव्हल नीट बघितली नाही, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस माझ्या ओळखीत आहे आणि तो माझा थोरला साडू आहे. सारी नोकरी त्यांनी वणीकडच्या उघड्या कोळसा खाणींत डोझर चालवण्यात काढली. कोळसा उपसून झाला की मागे उरलेला अजस्र खड्डा मातीने भरायचा आणि वरून सपाट करायचा, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन ते घोडेगावजवळच्या आपल्या गावी परतले, पण नजर तीच राहिली. पंगतीत भात वाढला की आधी तो चारी बाजूंनी सारखा करतात, मगच वरण मागतात. आमच्या सावेडीच्या घराच्या वास्तुशांतीला सगळे प्रसादाची वाट बघत असताना यांनी नव्या फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं. "बघा, पानी कुठं निघालंय! थेट देवाकडं." पाणी खरोखरच देवघरात शिरलं. गुरुजींनी सोवळं वर उचललं, गवंड्याने मान खाली घातली, आणि पुढच्या आठवड्यात आम्हाला फरशी उखडावी लागली. एकदा घोडेगावच्या बाजारात गाय घ्यायला गेले ते हात हलवत परतले. बाजारतळावर पाणी कुठे तुंबतं, हे व्यापाऱ्यांना समजावता समजावता गाय राहूनच गेली होती.

अशा माणसाच्या स्वतःच्या रानातच खड्डा निघाला. ते वणीला असताना धाकट्या भावाने रस्त्याच्या कामाला इथला मुरूम उपसून दिला होता, आणि वडिलांनी कसलेल्या पट्टीत आता दोन पुरुष खोल खाई पडली होती. "शेततळं करू की," भाऊ म्हणाला. त्यानंतर दोन वर्षं साडू त्याच्याशी बोलले नाहीत. घरं एकाच अंगणात, पण निरोप जायचे ते बायकांमार्फत.

दोन उन्हाळे ते खड्डा भरत राहिले. तळाला दगड, त्यावर मुरूम, वर पाझर तलावातला काळा गाळ. खालचा प्रत्येक थर रोलरने दाबायचा. ट्रॉलीत प्लॅस्टिकची एक पिशवी दिसली तरी ट्रॉली परत. "हितं बाजरीची मुळी शिरनार हाय, तुमची चहाची कपं न्हाई!" शेवटी भाड्याने डोझर आणला आणि ड्रायव्हरला खाली उतरवून स्वतःच वर चढले. माझी मेहुणी बांधावरून ओरडत होती, "अवो, गुडघं दुखत्यात ना तुमचं?" त्यांना ऐकू येत नव्हतं, निदान तसं ते दाखवत तरी होते. ओढ्याकडे जेमतेम जाणवेल असा उतार देऊन, पोळीवर तूप पसरावं तसा त्यांनी तो गाळ पसरला.

पहिल्याच मोठ्या पावसात एक कोपरा गुडघाभर खचला. गाव हसलं. मी घाबरून भेटायला गेलो, तर साडू त्या खचलेल्या कडेला बसून निवांत चहा पीत होते. "बसनारच की! भरल्याली जमीन एकदा बसतीच." तेवढ्यात धाकटा भाऊ ट्रॅक्टर घेऊन आला. कुणी बोलावलं नव्हतं. ट्रॉली गाळाने भरलेली. साडू उठले, ट्रॉलीत हात घालून माती चाळली, एक खडा काढून फेकला. भाऊ स्टिअरिंग धरून खाली बघत होता.

"वत," साडू म्हणाले. "जरा डावीकडं घे."

पुढच्या वर्षी पेरणीला बियाणं सोडायच्या चाड्यावर पहिली मूठ त्यांनी भावालाच धरायला लावली.

परवा गेलो तेव्हा बाजरी निसवून कणसं वर आली होती आणि साडू बांधावर बसले होते. मी सहज विचारलं, "तिकडे खाणीवर मागे काय उगवायचं हो?"

"म्हाईत न्हाई, पावनं. आमी सपाट करायचो आन् फुडच्या खड्ड्यावर जायाचो. मागनं झाडं लावली म्हनत्यात. मोठी झाली असत्याल आता." मग कणसावरून हात फिरवत हलकेच म्हणाले, "वनीला जायाला आता कुठली गाडी हाय वो? एकदा बघून यावं म्हनतो. धाकट्यालाबी संगं न्यावा."