आत्याच्या व्हॅनिटीतला संडास

आमची आत्या दुधाची पिशवी घेताना ती आधी कानाजवळ नेऊन हलवायची. दुधाच्या आवाजावरून तिला काय समजायचं, ते आम्हाला कधी समजलं नाही, पण डेअरीवाल्याचा चेहरा रोज सकाळी पडायचा. साबण हुंगून घ्यायची. रिक्षात बसण्याआधी मीटरकडे अशी बघायची की रिक्षावाला मुकाट्याने तो पुन्हा पाडायचा. कोणी हसलं तर तिचं उत्तर ठरलेलं असे, "मी संशय घेत नाही. मी खात्री करते."

भांडुपच्या एका कारखान्यात तिने निवृत्त होईपर्यंत तयार माल तपासायचं काम केलं होतं. पट्ट्यावरून पुढे सरकणाऱ्या नटबोल्टांतला वाकडा तुकडा उचलून बाजूला टाकायचा, हा तिचा दिवसभराचा धंदा. नोकरी संपली, पण पट्टा काही थांबला नाही. आता त्यावरून आम्ही सगळे जात होतो. मुलुंडच्या तिच्या सोसायटीत लहानथोर सगळे तिला इन्स्पेक्टर आत्या म्हणत. तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा.

माझं लग्न ठरलं तेव्हा मुलाच्या घरच्यांनी पत्रिका मागितली आणि आत्याने मुलाच्या ऑफिसचा पत्ता मागितला. एके दुपारी ती तिथल्या कॅन्टीनमध्ये जाऊन बसली. प्रशांत चहा देणाऱ्याशी कसा बोलतो, ताट कसं ठेवतो, हे तिने वडा खात खात बघून घेतलं आणि घरी येऊन आईला म्हणाली, "पोरगा बरा आहे. पण हसतो जरा जास्तच. लक्ष ठेवा." लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी प्रशांत तिच्यासमोर बेताने हसायचा.

काका, म्हणजे आत्याचे यजमान, याच्या अगदी उलट. देवगडजवळच्या गावातून गिरणीकामगार बापाबरोबर लहानपणी मुंबईत आलेले, पण जिभेवरची मालवणी तशीच राहिलेली. कोणावरही विश्वास ठेवायचे. आत्या म्हणायची, "यांना कोणी दगड दिला आणि बटाटा आहे म्हणून सांगितलं, तर हे उकडायला ठेवतील." काका त्यावर मान हलवून म्हणायचे, "शिजतलो कधीतरी."

मग काकांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण पोटावरचा ताबा गेला. कधी, कुठे, किती घाईने जावं लागेल याचा नेम राहिला नाही. एकदा बाजारात असताना फजिती झाली आणि त्या दिवसापासून काकांचं जग घर, जिना आणि सोसायटीचं आवार एवढंच उरलं. लग्नकार्य बंद, गाव तर दूरच. आम्ही विचारलं की म्हणायचे, "माका हंयच बरा वाटता."

अशात गावाहून फोन आला. काकांचे थोरले भाऊ, दादा, अंथरुणाला खिळले होते आणि धाकट्याला एकदा बघायचं म्हणून धोसरा लावून बसले होते. काकांनी फोन ठेवला आणि खिडकीशी जाऊन बसले. रेल्वे नको, बस नको, हॉटेलांतले संडास तर आत्यालाच चालणारे नव्हते. त्यानंतर आठवडाभर आत्या कोणाला न सांगता रोज कुठेतरी जाऊन येत होती. आणि मग एके सकाळी सोसायटीच्या फाटकातून एक जुनी पांढरी व्हॅनिटी आत आली.

सिनेमाच्या शूटिंगला नटनट्यांना कपडे बदलायला, आराम करायला जी गाडी असते, तीच ही. ही त्यातली छोटी, गोरेगावच्या एका माणसाने धंदा बंद करताना विकायला काढलेली. आत एक लांब बाक, आरशाभोवती बल्बांची माळ आणि मागच्या कोपऱ्यात दार लावता येईल असा संडास. आत्याने इंजिन प्रशांतकडून तपासून घेतलं, टायर स्वतः दाबून पाहिले, आणि संडासाचं दार उघडल्याबरोबर नाकाला पदर लावला.

"हा बदलायचा," ती म्हणाली. "बाकी गाडी चालेल."

सोसायटीत कुजबुज सुरू झाली. पडदे लावलेली गाडी, तीही इन्स्पेक्टर आत्याची. कोणी म्हणालं पार्लर काढतेय, कोणी म्हणालं शूटिंगला भाड्याने देणार. शेवटी सेक्रेटरी स्वतः खाली आले आणि त्यांनी गाडीच्या पायरीवर उभ्या आत्याला विचारलं, "आत्या, यात नक्की काय चालतं?"

"अजून काहीच चालत नाही हो," आत्या म्हणाली. "तीच तर माझी तक्रार आहे."

गाडीतला संडास घरच्यासारखा नसतो, हे मला तेव्हाच समजलं. भांड्याच्या तळाला एक झडप असते. पायाशी असलेला दांडा दाबला की झडप उघडते आणि सगळं खालच्या टाकीत पडतं. पाय काढला की झडप बंद. भांड्यात थोडं पाणी कायम साचून राहायला हवं, म्हणजे टाकीचा वास वर येत नाही. पाणी टिकलं तर काम पक्कं. पाणी उतरलं तर कुठेतरी रबर खराब.

कांजूरमार्गला गाड्यांची बॉडी बांधणारा रफिक म्हणून एक कारागीर होता. त्याने बोटींना सामान पुरवणाऱ्या दुकानातून नवं भांडं आणलं. आत्याने आधी खोक्याची चिकटपट्टी तपासली, मग भांड्याच्या आत बोट फिरवून ते वापरलेलं नाही ना, हे बघितलं. रफिकने जुनं भांडं सोडवलं, जमिनीतलं कडं घासून साफ केलं, नवं रबर बसवलं आणि वर भांडं ठेवून दोन्ही बाजूचे नट आवळले. आत्या दारात बॅटरी धरून उभी. "डावा जास्त आवळलास. उजवीकडे ये. आता परत डावीकडे."

"मावशी, तुम्हीच बसवा ना," तो वैतागून म्हणाला.

"बसवलं असतं. गुडघे वाकत नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने भांड्यात पाणी भरलं. संध्याकाळी बघते तर भांडं कोरडं. तिने रफिकला फोन लावला आणि त्याची अशी हजेरी घेतली की तो बिचारा हातातलं काम टाकून आला. सगळं पुन्हा खोललं, रबर नवं घातलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भांडं पुन्हा कोरडं. आता रफिकही चिडला. "मावशी, माझ्यासमोर दोन तास पाणी ठेवलं होतं. थेंब हलला नाही. नंतर काय होतं ते मला काय माहीत?"

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"मी असं बोललो काय?"

त्या आठवड्यात आत्याच्या नजरेतून कोणी सुटलं नाही. रबर नकली असणार. दुकानदाराने परत आलेला माल खपवला असणार. गोरेगाववाल्याने जमिनीतली चीर लपवली असणार. मग तिला वॉचमनचा संशय आला की दुपारी तोच आत जाऊन संडास वापरतो. तिकडे गावाहून रोज फोन येत होते, दादा आज काहीच खात नाहीत, आज ओळखलं नाही, आज ओळखलं. आत्या फोन ठेवून खाली जायची आणि कोरड्या भांड्यासमोर उभी राहायची. काका म्हणायचे, "ऱ्हवांदे गो. नशिबात नाय तर नाय." ती त्यांच्यावरच खेकसायची, "नशिबाचा काय संबंध? रबराचा संबंध आहे!"

शेवटी ती मला म्हणाली, "तू उद्या ये गं. मला साक्षीला माणूस हवं." मी गेले. तिने माझ्यासमोर भांड्यात पाणी भरलं आणि पायाच्या दांड्यावर, जमिनीवर सगळीकडे घरातली अंगाला लावायची पावडर भुरभुरली. दार लोटलं. आम्ही वर जाऊन जेवलो. जेवणं झाल्यावर काका नेहमीसारखे आवारात चक्कर मारायला गेले आणि आम्ही भांडी आवरली. ते परत येऊन आडवे झाल्यावर आम्ही खाली उतरलो.

भांडं कोरडं होतं. दांड्यावरची पावडर पुसली गेली होती. आणि जमिनीवर स्पष्ट उमटला होता एका चपलेचा तळ, बारीक बारीक गोल ठिपक्यांचा. ऑपरेशननंतर काकांचा पाय घाईत घसरू नये म्हणून ती चप्पल आत्यानेच ठाण्याला जाऊन, दोनदा बदलून आणली होती.

 आत्या आरशासमोरच्या स्टुलावर बसली. मी तिला रागावलेली हजारदा पाहिली होती, पण अशी कधीच नव्हती पाहिली. जरा वेळाने म्हणाली, "जा, त्यांना बोलव. ओरडून नको बोलवूस."

काका आले. पायरी चढताना त्यांनी जमिनीकडे पाहिलं आणि समजून गेले. मी जायला लागले तर आत्याने माझा हात धरून ठेवला.

"मला वाटत होतं रबर खराब आहे," ती म्हणाली.

काका बाकावर बसले. "रबर बरा आसा. मी पाय देय होतंय."

"का पण? दादा तिकडे डोळे लावून बसलेत. तुमचाच भाऊ ना तो?"

"म्हणानच." काका आपल्या हातांकडे बघत बोलत होते. "थंय सगळो गाव जमतलो. ह्यो बघा, मुंबैसून संडास घेऊन इलो म्हणतले. दादान माका खांद्यार घेऊन जत्रा दाखवल्यान गो. तेच्यासमोर ह्या अशा..." त्यांनी पोटावर हात ठेवला. "माका लाज वाटता."

"मग सांगायचं ना मला. मी त्या रफिकच्या मागे लागले, वॉचमनला धरलं..."

"तुका सांगितला असता तर तू खात्री करीत बसली असतंस, लाज खरी काय खोटी."

मला वाटलं, आता ती फुटणार. पण आत्या उठली आणि काकांच्या शेजारी बाकावर जाऊन बसली. बराच वेळ दोघं त्या बल्बवाल्या आरशात दिसणाऱ्या स्वतःकडे बघत राहिली. मग ती म्हणाली, "गावाला नको जाऊया. नुसतं नाहूरच्या पुलापर्यंत जाऊ आणि परत येऊ. नाही जमलं तर गाडी विकून टाकते."

प्रशांतने गाडी चालवली. नाहूरला पोचलो तर काका म्हणाले, जरा पुढे घे. पुढे म्हणजे कांजूरमार्ग, आणि तिथे आत्याने गाडी रफिकच्या शेडसमोर थांबवायला लावली. आम्हाला बघून तो पान्हा ठेवून कपाळाला हात लावत बाहेर आला. "आता काय झालं, मावशी?"

"काही नाही. तुझं काम चोख आहे. मी चुकीच्या माणसाला धरलं."

इतकंच बोलली. पण आत्याच्या तोंडून "मी चुकले" या जातीचं वाक्य आमच्या घराण्यात त्याआधी कोणी ऐकलेलं नव्हतं. रफिकलाही त्याचं मोल कळलं असावं, कारण त्याने जबरदस्तीने चहा पाजला. तो चहा पोटात जातो न जातो तोच काका घाईघाईने गाडीत चढले आणि मागचं दार लागलं. आम्ही सगळे बाहेर उगाच ट्रॅफिकबद्दल बोलत राहिलो. काका बाहेर आले.  त्यांनी रुमालाने हात पुसले आणि प्रशांतला म्हणाले, "गावाक कधी जावचा?"

दोन दिवसांनी पहाटे निघालो. वाटेत किती वेळा थांबलो ते आठवत नाही, पण एकदाही कोणाला विचारावं लागलं नाही, कोणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही. घाट उतरल्यावर काकांनी खिडकीचा पडदा सारला आणि नंतर तो लावलाच नाही.

गावात काकांना वाटलं होतं तसंच झालं. सगळी वाडी गाडीभोवती जमली. दादा पडवीत खाटेवर होते, हाडांचा नुसता सापळा. काका जवळ बसल्यावर त्यांनी चाचपडत त्यांचा हात धरला आणि विचारलं, "कसो इलंस रे?"

सगळे ऐकत होते. आत्याने चिमटा काढावा तसा माझा दंड घट्ट पकडला. काका म्हणाले, "संडास घेऊन इलंय, दादा."

दादांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ते हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि मग हट्टाला पेटले की माका बघूचो आसा. काकांच्या पुतण्यांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि उचलून गाडीत नेलं. आम्ही खालून ऐकत होतो. काका आत सांगत होते, "हंय पाय देवचो," आणि पाठोपाठ पाण्याचा आवाज. "परत एकदा," दादा म्हणाले. पुन्हा आवाज. दोन म्हातारे भाऊ आतमध्ये पोरांसारखे खिदळत होते आणि बाहेर आमची आत्या पदराने डोळे पुसत पुटपुटत होती, "टाकी भरेल ना अशाने!"

दादा त्या गणपतीपर्यंत जगले. तोवर काका आणखी दोनदा जाऊन आले.

आत्या मात्र त्याच्या पुढच्या वर्षी गेली, कोणाला काही कळायच्या आत. सकाळी भाजी घेऊन आली, दम लागला म्हणून बसली ती बसलीच. इतकी वर्षं ती काकांच्या तब्येतीकडे डोळ्यांत तेल घालून बघत होती. स्वतःच्या छातीत दुखतंय, ही गोष्ट तिने तपासायलाच घेतली नाही.

काका आता एकटे असतात. आमच्याकडे या म्हटलं तर येत नाहीत. मी रोज संध्याकाळी फोन करते आणि विचारते, "काका, जेवलात का?"

"जेवलंय."

पूर्वी मी एवढ्यावर फोन ठेवला असता. आता ठेवत नाही.

"भाजी कसली केलीत?"

पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू येत नाही. मग मी पायांत चपला घालते आणि डबा घेऊन निघते.