कोऱ्या चिठ्ठीवरची सही

आमच्या डॉक्टरांनी मला दहा कोऱ्या चिठ्ठ्या सही करून देऊन ठेवल्या होत्या. मी नागझिऱ्याच्या जंगलाकडेच्या उपकेंद्रात नर्स, ते वीस किलोमीटरवर आरोग्य केंद्रात. त्यांच्या आदेशाशिवाय मी गरोदर बाईचे झटके थांबवायचं इंजेक्शन द्यायचं नाही, असा नियम. आणि आमचा फोन कायमचाच मेलेला. म्हणून ते म्हणाले, "वेळ आली तर सहीच्या वर आदेश लिही अन् दे. मी आहे ना!"

वेळ आली ती भर दुपारी. पहिलटकरीण, आठवा महिना, पाय सुजलेले, डोळे फिरलेले, अंगाला झटके. फोन उचलला, बंद. सासू ओरडली, "काऊन उभी राहिली, बाई? सुई दे ना तिले! मरून राहिली ते!"

औषध जास्त झालं तर श्वासच थांबतो. देवा रे, म्हटलं, चिठ्ठीवर आदेश लिहिला आणि सुई दिली. मग सरपंचांच्या जीपमध्ये तिचं डोकं मांडीवर घेऊन केंद्र येईपर्यंत तिचे श्वास मोजत बसले.

केंद्रात खुर्चीवर भलताच माणूस. आमच्या डॉक्टरांची बदली झाली होती, सकाळीच चार्ज देऊन गेले होते. दुपारच्या आदेशावर सकाळीच गेलेल्या माणसाची सही!

नव्या साहेबांनी आधी तिला तपासून ॲम्ब्युलन्सने गोंदियाला धाडलं. मग चिठ्ठी उचलली.

"आदेश कोणाचा?"

खोटं बोलायचं होतं, पण जीभच वळेना. "माझाच, साहेब."

"नोकरी जाईल, समजतं?"

"समजतं. दिलं नसतं तर ती गेली असती."

"डोस बरोबर आहे," एवढंच म्हणाले. माझ्या बॅगेतल्या उरलेल्या चिठ्ठ्या मागून घेतल्या आणि माझ्यासमोर फाडल्या. "यापुढे मला विचारून द्यायचं."

"फोन लागत नाही, साहेब."

"विचारूनच. सगळ्या दिल्या ना?"

"हो," मी म्हणाले.

आठवड्याने सासू आली. "दोघी बी वाचल्या, बाई. पोट्टी झाली." मला रडूच फुटलं. जाता जाता दारात थांबून ती म्हणाली, "धाकल्या सुनेचे बी पाय सुजून राहिले. पाहून जाजो."

ती गेल्यावर मी फोन उचलून पाहिला, बंदच. मग दार लोटलं आणि बॅगेचं फाटकं अस्तर चाचपलं. त्या दिवशी साहेबांसमोर एक चिठ्ठी मी बोटाने आत सारली होती. ती अजून तिथेच होती.